इंजिनाला कल्हई

चतुराबाईंनी इंजिन चालवायचं ठरवलं, त्याच्या आधी पाच मिनिटं त्यांना आपल्या घरात इंजिन आहे हेच ठाऊक नव्हतं.

त्या शोधत होत्या महालक्ष्म्यांचे मुखवटे. महालक्ष्म्या आल्या आठ दिवसांवर, आणि मुखवटे ज्या ट्रंकेत असायचे ती ट्रंक सुनेनं, मालतीनं, औरंगाबादच्या सामानासाठी रिकामी केलेली. त्या साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे करायचं ठरलं होतं. तेलुगू मुलूख आंध्राकडे, कानडी म्हैसूरकडे, मराठी मुंबईकडे. चतुराबाईंचा एकुलता एक मुलगा माधव हैदराबादेत महसूल खात्यात होता, तो मराठी ढिगात पडला. एक नोव्हेंबरला औरंगाबादला हजर व्हा, असा कागद आला. माणसं काय तूरडाळ आहेत, सुपात घेऊन निवडायला, असं चतुराबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत. उत्तर कुणाकडेच नव्हतं. अर्थात उत्तरासाठी त्या थांबतही नसत.

"आई, तुम्ही दोघंही चला," माधव म्हणाला होता.

"मी? ज्या राज्याच्या नकाशाची शाई वाळली नाही तिथं? आणि हे बघ, माझ्या महालक्ष्म्याही यायच्या नाहीत. काचीगुड्याचं स्टेशन ओलांडून त्या कधी गेल्या नाहीत. तुम्हाला सणाला यायचं तर या. नाही आलात तर मी त्यांना सांगेन, सरकारी कामात आहेत म्हणून."

म्हणजे यंदाच्या महालक्ष्म्या घर भरलेलं असतानाच्या शेवटच्या. हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं. मालती डोळे पुसायची ती कांदा चिरताना. चतुराबाई कांद्याच्याही भानगडीत पडत नसत. त्या ओरडत.

तर, दुसऱ्याच एका जुन्या ट्रंकेच्या तळाशी, धोतरात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. जड. मुखवटा असेल म्हणून सोडलं तर आतून निघालं एक काळं-हिरवं गाठोडं: आडवी पडलेली लोटी, तिला वर धुराडं, बाजूला चाक, खाली दिव्यासारखी एक डबी.

"अहो! हे काय आहे?"

एकनाथराव बाहेर पेपर वाचत होते. रेल्वेच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला शांत माणूस. घरात आवाज करायचं काम त्यांनी लग्नातच बायकोकडे सोपवलं होतं. पण त्या गाठोड्याकडे पाहून ते खुर्चीतून असे उठले की चष्मा नाकावर आणि पेपर पायाखाली.

"अगं, हे सापडलं! वाफेचं इंजिन आहे ते. वर्कशॉपचे गोरे साहेब गेले ना, त्यांनी जाताना दिलेलं. खेळण्यातलं आहे, पण खरं. पाणी भरायचं, खाली स्पिरिटचा दिवा लावायचा, की चाक फिरतं. शिट्टीसुद्धा आहे!"

"कधी फिरलं?"

एकनाथरावांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "फिरवायचं राहून गेलं."

"किती वर्षं राहून गेलं?"

"माधव तेव्हा रांगत होता."

माधवला आता टक्कल पडायला लागलं होतं. चतुराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या माणसानं चाकाला बोट लावून पाहिलं, चाक हललं नाही, आणि तो ते धोतर पुन्हा नीट गुंडाळायला लागला. रुमालाची घडी घालावी तसं. चतुराबाईंना एकाएकी राग आला. कशाचा ते त्यांनाही कळलं नाही, पण त्यांना राग यायला कारण लागत नसे.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या सुशीलाबाई आल्या.

सुशीलाबाई काही मागायला यायच्या नाहीत, सांगायला यायच्या. यंदा त्यांच्या महालक्ष्म्यांपुढच्या आराशीत विजेवर गरगर फिरणारं कमळ बसणार होतं. त्यांच्या भाच्यानं सिकंदराबादहून आणलेलं. "आपोआप फिरतं हो. बटण दाबलं की झालं. तुमच्याकडे काय यंदा? तीच रवी घुसळणारी गवळण?"

ती गवळण चतुराबाईंच्या सासूबाईंच्या वेळची. लाकडी, हातात रवी. एवढी वर्षं बिचारी ताकात रवी धरून उभी, घुसळत कधी नव्हती.

"हो, तीच," चतुराबाई म्हणाल्या. "पण यंदा ती घुसळणार आहे. इंजिनावर."

"कशावर?"

"इंजिनावर. वाफेच्या. आमच्याकडे खेळणी चालत नाहीत बाई. यांची नोकरी रेल्वेत झाली, माहीत आहे ना?"

एकनाथरावांच्या हातातलं धोतर गळून पडलं. शब्द मात्र तोंडातून गेला होता, आणि सुशीलाबाईंच्या कानात गेलेला शब्द बसस्टॅंडवर लावलेल्या पाटीसारखा असतो. दिवेलागणीपर्यंत पलीकडच्या गौलीगुड्यातल्या बायकासुद्धा विचारायला लागल्या, की इंजिन दारातून आत कसं घेणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी चतुराबाईंनी पदर खोचला आणि चिंच भिजत घातली.

पितळ कसं घासायचं हे चतुराबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. चिंच, राख, वर लिंबाची फोड. एकनाथराव "अगं, ती यंत्राची वस्तू आहे, जपून," म्हणत मोरीच्या दाराशी उभे राहिले. त्यांना स्टूल देऊन बाहेर बसवण्यात आलं. दोन तासांनी इंजिन बाहेर आलं ते असं, की मालती नुसतं "आई गं!" म्हणाली. धुराड्यात खिडकीचे गज दिसत होते. चाकावर पूर्वी थोडा लाल रंग होता, तो चतुराबाईंना गंज वाटला, तोही त्यांनी काढून टाकला.

फक्त चाक आता अजिबात हलेना. सांध्यासांध्यात चिंचेचा कोळ बसलेला.

समोरच्या घरातले अप्पाराव चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून थकलेले तेलुगू गृहस्थ. ते पायजमा सावरत आले, इंजिनाला चष्म्याच्या वरून आणि चष्म्यातून पाहिलं आणि म्हणाले, "अम्मा, याला तेल पाहिजे. मशिनचं. शिवणाच्या मशिनचं पण चालते."

"देवीपुढे मशिनचं तेल? त्यात कशाची चरबी असते कुणाला ठाऊक!" चतुराबाईंनी तिळाचं तेल काढलं, देवाच्या समईतलं, आणि सांध्यांत थेंब थेंब सोडलं. चाक हललं. कुरकुरत, पण हललं. एकनाथरावांनी बोटानं टिचकी मारली तर दोन फेरे घेतले.

दोन फेरे! एकनाथराव आत जाऊन कोट घालून आले. का घातला विचारलं तर म्हणाले, "उगीच." त्या दिवशी दुपारी ते झोपले नाहीत. गवळणीच्या रवीपासून चाकापर्यंत परकराची नाडी ओढून, गाठ मारून, पुन्हा सोडून, ते एकटेच हसत होते. चतुराबाई स्वैपाकघरातून डोकावून पाहत होत्या. असं हसताना त्यांनी या माणसाला शेवटचं कधी पाहिलं ते आठवेना. मालतीला त्या म्हणाल्या, "खुळे झालेत," आणि चहात साखर एक चमचा जास्त टाकली.

इथवर सगळं छान होतं. इथे थांबायला हवं होतं. पण चतुराबाईंनी इंजिनाच्या पोटाला कान लावून आत बोट घालून पाहिलं.

"अहो, याला आतून कल्हई नाही!"

"कल्हई कशाला? तो बॉयलर आहे."

"पाणी पितळेतच उकळणार ना? मग? बिनकल्हईच्या पितळेत पाणी उकळलं की कळकतं. कळकलेल्या पाण्याची वाफही कळकलेलीच. ती वाफ मी माझ्या महालक्ष्म्यांच्या तोंडावर सोडू? सोळा भाज्यांच्या नैवेद्यावर?"

एकनाथराव जन्मभर रेल्वेत होते, पण या प्रश्नाला उत्तर देईल असं कुठलं पुस्तक रेल्वेनं छापलेलं नव्हतं. ते म्हणाले, "तुला योग्य वाटेल तसं कर." हे वाक्य त्यांनी लग्नापासून एवढ्या वेळा म्हटलं होतं, की या खेपेला ते वेगळं होतं, त्यात थोडं पाणी होतं, हे चतुराबाईंच्या लक्षात आलं नाही.

मस्तानभाई कल्हईवाले दर सणाच्या आधी गल्लीत भट्टी मांडत. तोंडात पान, हातात भात्याची दोरी. चतुराबाईंनी पातेली, तपेली, घागर त्यांच्यापुढे मांडली आणि सगळ्यात वर इंजिन ठेवलं.

मस्तानभाईंनी ते फिरवून फिरवून पाहिलं. "अम्मा, ये क्या बर्तन है? इसका मूँ किधर है?"

"है ना मूँ. ये देखो." धुराड्यामागे करंगळी जाईल न जाईल असं भोक होतं.

"इत्ते से मूँ में मेरा हात कैसा जाता अम्मा? पोचारा कैसा मारूँ? नक्को, ये मेरे बस का नै."

"मस्तानभाई, तुम्हारे अब्बा हमारी गुलाबदाणी को कल्हई करके दिये थे. उसका मूँ तो इससे भी छोटा था. बोलते थे, मेरा बेटा मेरे से बी आगे जाएगा."

ही गोष्ट खरी की नाही, कुणी विचारू नये. गुलाबदाणी होती एवढं खरं. मस्तानभाईंनी पान थुंकलं, बाह्या सारल्या, नवसागराची चिमूट भोकातून आत सोडली, कथलाचा एक खडा सोडला, आणि इंजिन चिमट्यात धरून निखाऱ्यांवर ठेवलं. भाता हलायला लागला. गल्लीतले लोक जमले. अप्पाराव आले. सुशीलाबाई गॅलरीत आल्या. चतुराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या, जणू आगबोट पाण्यात सोडायचा समारंभ आहे.

पहिल्यांदा शिट्टी पडली. अगदी हलकेच, पिकलं बोर पडावं तशी.

"कुछ गिरा अम्मा."

"गिरने दो. बाद में लगाएँगे."

मग धुराडं वाकलं, नमस्कार केल्यासारखं, आणि आडवं झालं. मग पुढची चकती सुटली. मग मागची. मग नळी. मग चाक. मस्तानभाईंनी चिमटा उचलला तेव्हा चिमट्यात फक्त एक पितळी नळकांडं होतं, दोन्ही बाजूंनी उघडं, आणि त्यातून पलीकडची सुशीलाबाईंची गॅलरी स्वच्छ दिसत होती.

मस्तानभाईंनी ते नळकांडं चिमट्यातच उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणाले, "अम्मा, ये बर्तन नै था. ये धोका था."

एकनाथराव कोट घालून दारात आले होते. खाली बसले, थंड झालेला एकेक तुकडा उचलून आपल्या टोपीत ठेवायला लागले. चतुराबाईंनी मनात मोजले. सात.

चतुराबाईंना वाटलं, आता हा माणूस बोलेल. बोलायला हवं. निदान आवाज चढवावा, म्हणजे आपल्याला त्याच्याहून चढवता येईल. आपल्याला भांडता तरी येईल! पण एकनाथराव टोपी छातीशी धरून उठले आणि एवढंच म्हणाले,

"सरकारनंसुद्धा तीनच केले गं."

आणि आत गेले.

चतुराबाईंनी आयुष्यात चूक झाली असं कुणाला म्हटलेलं नव्हतं. तो शब्द त्यांच्या तोंडात बसेच ना, दुसऱ्याच्या कवळीसारखा. त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याच्या आवडीचे धपाटे केले, वर लोण्याचा गोळा ठेवला, आणि ताट आपटून म्हणाल्या, "जेवून घ्या." ते जेवले. छान झालेत म्हणाले. हे तर फारच झालं. चतुराबाई रात्रभर कूस बदलत राहिल्या आणि उजाडता उजाडता त्या टोपीसकट घराबाहेर पडल्या.

काचीगुड्याच्या स्टेशनामागे अंबाजी राहायचा. लोकोशेडचा जुना फिटर. हाताची दोन बोटं रेल्वेला दिलेली, बाकी आठांत अजून सगळं शहाणपण शाबूत. त्यानं टोपीत डोकावून पाहिलं.

"वहिनी, याला काय झालं? अपघात?"

"कल्हई," चतुराबाई म्हणाल्या.

अंबाजीनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. चतुराबाईंनी ते पाहिलं आणि, नोंद घ्यावी, गिळलं.

"वहिनी, हे सगळं कथलाच्या झाळीनं जोडलेलं असतं. जाळावर ठेवलं की झाळ वितळणारच."

"मग खालून दिवा लावतात तेव्हा नाही वितळत? मला शिकवू नका."

"तेव्हा आत पाणी असतं ना. आत पाणी आहे तवर झाळ सुटत नाही. पाणी सगळी आग आपल्या अंगावर घेतं. रिकामं ठेवलं की संपलं."

हे चतुराबाईंना आवडलं. त्यांनी ते मनात ठेवून दिलं. "जोडून द्या. महालक्ष्म्या तीन दिवसांवर आल्यात. आणि अंबाजी, कल्हईचं स्टेशनात बोलायचं नाही."

"नाही बोलणार," अंबाजी म्हणाला. तोवर स्टेशनात सगळ्यांना कळलेलं होतं.

दोन दिवसांत इंजिन जोडून आलं. या खेपेला पक्की पितळी झाळ, सांध्यासांध्यावर जाड डाग, एखाद्या पैलवानाच्या कानासारखे. चकाकी गेली होती, पण चाक एका फुंकरीनं फिरत होतं. एकनाथरावांनी कोट पुन्हा घातला. "फक्त स्पिरिट आणा," अंबाजीनं बजावलं. "रॉकेल नको, डबी फुटेल."

बेगम बाजारातला दुकानदार म्हणाला, स्पिरिटला परवाना लागतो. लोक पितात म्हणून. "मी पिणाऱ्यातली दिसते?" असं चतुराबाईंनी विचारलं तेव्हा त्यानं हात जोडले, पण स्पिरिट दिलं नाही.

परवाने देणाऱ्या कचेरीचं नाव इथे घ्यायला नको. त्या दिवसांत सगळ्याच कचेऱ्या सारख्या दिसत होत्या. कपाटं पालथी, जमिनीवर कागदांचे तीन डोंगर: तेलुगू, कानडी, मराठी. मधल्या खिंडीत एक कारकून बसलेला. चतुराबाईंना लिहिता यायचं ते आपलं नाव, तेही घाई नसेल तर. म्हणून अर्ज मालतीनं सुंदर मराठीत लिहिला होता, आणि चतुराबाईंनी खाली आपलं नाव कोरलं होतं. मालती बरोबर होती.

कारकुनाला मराठी वाचता येत नव्हतं. त्यानं फॉर्म काढला. "बोलो माजी. स्पिरिट कायकू?"

"इंजिन चलाना है."

"इंजन? फैक्टरी है?" त्यानं लिहिलं. "मालिक का नाम?"

"मालिक कौन? महालक्ष्म्या! इंजिन उनके वास्ते है."

"नाम बोलो नाम."

"ज्येष्ठा और कनिष्ठा."

"दो मालिक. बहनां हैं?"

"हौ, सगी."

"पार्टनरशिप," असं म्हणत त्यानं लिहिलं. "फैक्टरी में माल क्या बनता?"

"ताक," चतुराबाई म्हणाल्या. गवळणीचा विचार करता ते खोटं नव्हतं.

"कित्ते दिन चलती?"

"तीन. पहले दिन आते, दूसरे दिन जेवते, तीसरे दिन जाते."

कारकुनानं पेन थांबवून वर पाहिलं. असे मालक त्यानं नोकरीत पाहिले नसावेत. पण सगळे रकाने भरले होते, आणि रकाने भरलेला कागद थांबवायचा नसतो. त्यानं शिक्का मारला, मालतीचा अर्ज जोडला, लिपी पाहिली आणि दोन्ही कागद मराठी डोंगरावर टाकले. शिपायानं लगेच तो डोंगर लाल कपड्यात बांधून गाठ मारली.

"परवाना?" चतुराबाई म्हणाल्या.

"मिलेगा. औरंगाबाद से. मराठी कागज सब उधर जारे."

"मी इथं बसलेय तुमच्यासमोर! आणि माझा कागद औरंगाबादला?"

"कागज गया अम्मा," कारकून म्हणाला, दुःखी आवाजात. "आज की लॉरी में."

चतुराबाई आणि मालती बाहेर आल्या तेव्हा लॉरी फाटकातून वळत होती. चतुराबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. ज्या गावात पाऊल टाकायचं नाही म्हणून त्यांनी शपथ घेतली, तिथं त्यांचं नाव त्यांच्या आधी पोचणार होतं, त्यांच्या सहीसकट. मालतीला हसू येत होतं का रडू ते कळत नव्हतं. वाटेत कांदाही नव्हता.

आणि महालक्ष्म्या आल्या. त्या परवान्यासाठी थांबत नाहीत.

दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या दिवशी, संध्याकाळी हळदीकुंकवाला सगळी गल्ली आली. सुशीलाबाईंच्या कमळाची वीज दुपारीच गेली होती, त्यामुळे त्या जरा जास्तच खुशीत इंजिन पाहायला आल्या होत्या. आपलं चालत नसलं की दुसऱ्याचं न चालणं पाहण्यात एक समाधान असतं. अप्पाराव दाराबाहेर, अंबाजी त्यांच्या शेजारी. माधव सगळ्यांना सरबत देत होता. आत, एकदाचे सापडलेले मुखवटे नव्या लुगड्यांत झळकत होते, आणि समोर पाण्यानं भरलेलं इंजिन, त्याला नाडी, नाडीला गवळण. डबी रिकामी. कोट घातलेले एकनाथराव तिच्याकडे पाहून म्हणाले, "राहू दे. नुसतं ठेवलं तरी शोभतं."

"राहू दे" हा शब्द चतुराबाईंना लागला. याच शब्दावर ते इंजिन एवढी वर्षं ट्रंकेत पडलं होतं.

"आत्याबाई," मालती हळूच म्हणाली, "कापूर?"

चतुराबाईंनी सुनेकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून ही मुलगी काही सुचवत नव्हती, आणि सुचवलं ते हे! "डबा आण," त्या म्हणाल्या. "अख्खा."

वड्या डबीत रचल्या, काडी लावली. कापूर भडकला.

आता कापूर पेटला की काय होतं ते सांगायला नको. खोलीतल्या सगळ्या बायका एकदम उभ्या राहिल्या, हात जुळले, टाळ्या पडायला लागल्या, आणि सुशीलाबाईंनी वरच्या पट्टीत गणपतीची आरती उचलली.

"अहो, थांबा, आरती नाही, हे इंजिन..." चतुराबाई म्हणाल्या. पण कापूर जळत असताना आरती कोण थांबवणार? आणि चाक फिरेपर्यंत कापूर कसा विझू द्यायचा? चतुराबाईंनी दोन वड्या टाकल्या. आरती संपली, कापूर जळतच होता, म्हणून बायकांनी देवीची सुरू केली. चार वड्या. शंकराची. विठोबाची. दत्ताची झाली. पाणी अजून गुणगुणत होतं. मारुतीची झाली. कुणीतरी विचारलं, "चतुराबाई, अजून किती देव आहेत?" घामाच्या धारा लागल्या, आवाज बसले, पण कापूर पेटलेला ठेवून पहिलं कोण खाली बसणार? सुशीलाबाई तर नाहीच. त्या घरगुती, स्वतः रचलेल्या आरत्यांवर उतरल्या.

"वहिनी, पाणी आहे ना आत?" अंबाजी दारातून ओरडला.

"आहे! पाणी असल्यावर काही होत नाही!" चतुराबाई ओरडल्या. डब्यातली शेवटची मूठ त्यांनी खाली ढकलली.

आणि एकदम भोकाशी फुस्स झालं. एकनाथराव गुडघ्यांवर बसले. त्यांनी चाकाला टिचकी मारली.

चाक फिरलं. एक, दोन, आणि मग थांबलंच नाही! टकटकटकटक करत ते असं सुटलं की दिसेनासं झालं. नाडी ताणली, आणि तीन पिढ्या नुसती उभी असलेली गवळण घुसळायला लागली, इतकी जोरात, की वाटीतलं ताक सुशीलाबाईंच्या पैठणीवर उडालं. आरती मधेच तुटली. "फिरलं! बाई बाई, फिरलं!" अप्पाराव तेलुगूत ओरडत होते, अंबाजी आठ बोटांनी टाळ्या वाजवत होता. एकनाथरावांनी शिट्टीची कळ ओढली. बारीक, तीक्ष्ण, खरी शिट्टी! बायकांना वाटलं आता मंत्रपुष्पांजली, त्यांनी हातातली सगळी फुलं इंजिनावर टाकली.

ते चाललं तरी किती वेळ? एक विडा रंगेल एवढा. मग टकटक मंदावली, आणि गवळण रवी वर धरून थांबली.

तेव्हा कुठे सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. डबाभर कापराची काजळी. छत काळं, लुगडी काळी, ज्येष्ठेच्या नाकावर ठिपका, कनिष्ठेच्या गालावर पट्टा, सुशीलाबाईंना तर कल्ले फुटलेले. आणि इंजिन, चिंचेनं घासलेलं, लिंबानं उजळलेलं, ते बुडापासून धुराड्यापर्यंत काळंकुट्ट.

एकनाथराव तसेच गुडघ्यांवर बसले होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि काजळीतून दोन पांढरे रस्ते काढत खाली उतरत होतं. चतुराबाईंनी फुलपात्र त्यांच्यापुढे धरलं.

"पाणी प्या," त्या म्हणाल्या. आणि मग, फक्त त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "कल्हई नको होती."

एकनाथराव पाणी प्यायले.

"घासायला चिंच पाठवू का हो?" निघताना सुशीलाबाईंनी विचारलं, कल्ले पुसत.

"कशाला? यांच्या रेल्वेत चकचकीत इंजिन पाहिलंत कधी? चकचकीत असतं ते शेडमधे उभं असतं. आमचं चाललेलं आहे."

ते तसंच, काळंच, कपाटावर राहिलं. नोव्हेंबर आला. माधव-मालती गेले. काचीगुड्याहूनच गाडी सुटली, चतुराबाई फलाटावर आल्या नाहीत, घरी डोकं दुखतंय म्हणाल्या, आणि गाडीची शिट्टी झाली तेव्हा मोठ्यानं भांडी घासत होत्या. घरात दोनच ताटं. एकनाथराव कधी मधे कपाटाकडे पाहत. चतुराबाई कुणावर ओरडावं ते न सुचून मांजरावर ओरडत.

डिसेंबरात लांब लिफाफा आला, औरंगाबादचा, शिक्क्यांसकट. एकनाथरावांनी चष्मा लावून वाचला. वाचता वाचता थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"काय म्हणतात?"

"ताक उत्पादनाच्या कारखान्यास स्पिरिटचा परवाना देण्यास हरकत दिसत नाही. तथापि," एकनाथरावांनी घसा साफ केला, "मालक ज्येष्ठा व कनिष्ठा या दोघी भगिनींनी, इंजिनासह, तपासणीसाठी औरंगाबाद येथे समक्ष हजर राहावं. तारीख मालकांच्या सोयीनं कळवावी."

मग चतुराबाई उठल्या. ट्रंक ओढली. जुनं धोतर काढलं, त्यात इंजिन गुंडाळलं, काजळीला धक्का न लावता. मग दुसऱ्या मऊ लुगड्यात दोन मुखवटे, एकेकीच्या नाकाला नाक लागणार नाही असे, अलगद ठेवले.

"अगं, महालक्ष्म्यांना तर भाद्रपदापर्यंत वेळ आहे," एकनाथराव म्हणाले.

"सोयीनं कळवा म्हणतात ना? कळवा त्यांना. भाद्रपदात हजर होतील म्हणावं, तीन दिवस. पण जागा आधी पाहून ठेवायला नको? सुनेचं घर आहे, आरास कुठे मांडणार, कापूर कुठे मिळतो... तुमचा कोट कुठे आहे?"

दारात सुशीलाबाई उभ्या होत्या. ट्रंक पाहून त्यांचे डोळे चमकले. "का हो चतुराबाई? त्या नव्या राज्यात पाऊल टाकणार नाही म्हणत होतात ना?"

चतुराबाईंनी ट्रंकेला कुलूप घातलं, किल्ली कनवटीला खोचली आणि ताठ उभ्या राहिल्या.

"मी कुठे जातेय?" त्या म्हणाल्या. "सरकारनं मालकिणींना बोलावलंय. मी सोबतीला."